निळ्या मोत्यात निळं काय असतं?

काचेचा साधा पेला घ्या. पाण्याने भरा, दुधाचे चार-पाच थेंब टाका आणि ढवळा. आता पेल्यामागे काळं कापड धरा आणि बाजूने टॉर्चचा पांढरा उजेड सोडा. पाणी निळसर दिसेल. फार नाही, लांबच्या डोंगराइतकंच. मग कापड काढा, टॉर्च पेल्याच्या मागे न्या आणि पाण्यातून त्या उजेडाकडे बघा. तेच पाणी आता पिवळट, जरासं तांबूस दिसेल. दूध पांढरं, पाणी बिनरंगी, कापड काळं. यातल्या कुणाहीकडे निळा रंग नव्हता, तरी तो दिसला.

निसर्गतः निळ्या असणाऱ्या मोत्याची गोष्ट बरीचशी या पेल्यात मावते. असा मोती हातात आला की आपण धरून चालतो की त्यात नीलमण्यासारखा काहीतरी निळा पदार्थ असणार. जपानी अकोया जातीच्या निळ्या मोत्यात तो नसतो. तिथे असतो एक दुधी, अर्धपारदर्शक थर आणि त्याच्या पाठीशी अंधार.

पेल्यात काय घडलं ते आधी बघू. पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. दुधातले अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. तांबडा-पिवळा प्रकाश त्या मानाने सरळ आरपार जातो. मागे काळं कापड असेल तर आरपार गेलेला प्रकाश कापड गिळून टाकतं आणि आपल्या डोळ्यांकडे परततो तो फक्त विखुरलेला, म्हणजे निळसर. मागे पांढरं कापड असतं तर पलीकडे गेलेला तांबडा-पिवळाही उलटा परतला असता, निळ्यात मिसळला असता आणि पुन्हा पांढरंच दिसलं असतं. म्हणजे निळाई दिसायला दुधाइतकीच त्या काळ्या कापडाची गरज आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी एकोणिसाव्या शतकात याचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून या परिणामाला त्यांचं नाव मिळालं. निळ्या डोळ्यांचंही असंच. बुबुळात निळं रंगद्रव्य नसतं. पुढे बिनरंगी ऊतक आणि मागे गडद थर असतो. प्राण्यांच्या जगात खरं निळं रंगद्रव्य फार दुर्मीळ. मोराचा गळा आणि खंड्याची पाठसुद्धा रंगद्रव्यामुळे निळी नसते, पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे ती तशी दिसते.

मोत्याकडे वळण्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवायला हवा, कारण खरेदी करणारे सगळ्यात जास्त तिथेच फसतात. ‘नैसर्गिक मोती’ आणि ‘नैसर्गिक रंगाचा मोती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नैसर्गिक मोती म्हणजे माणसाने हात न लावता शिंपल्यात तयार झालेला. आज बाजारात दिसणारे जवळजवळ सगळे मोती संवर्धित असतात, म्हणजे माणसाने शिंपल्यावर छोटी शस्त्रक्रिया करून वाढवलेले. असा संवर्धित मोती जन्मतःच निळा निघाला आणि त्याला नंतर कुणी रंग दिला नाही, तर तो नैसर्गिक रंगाचा संवर्धित मोती. ‘नॅचरल ब्लू’ असं लिहिलेलं असेल तेव्हा बहुतेक वेळा हाच अर्थ असतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण दोन अर्थ एकमेकांत मिसळून विकणारे असतातच.

आता मोती आतून कसा असतो ते पाहू. शिंपल्याच्या आतल्या बाजूचा चकचकीत थर सगळ्यांनी पाहिलेला असतो. इंग्रजीतून आलेला त्याचा शब्द नेकर. इथे आपण त्याला मोतिया थर म्हणू. शिंपल्यातल्या जिवाचा प्रावार नावाचा पातळ पडदा हा थर तयार करतो. त्यात ॲरॅगोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाच्या चपट्या वड्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सेंद्रिय द्रव्याचा पातळ गिलावा. वीटकाम म्हटलं तरी चालेल, फक्त एकेका विटेची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन. वीट आणि प्रकाशाची लाट एकाच मापातल्या, ही मोत्याच्या सौंदर्यातली कळीची गोष्ट. निरनिराळ्या थरांवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. काही रंग उठून दिसतात, काही मावळतात. साबणाच्या फुग्यावर रंग सरकतात तेही असेच.

1814 मध्ये डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने या बाबतीत एक सुंदर निरीक्षण नोंदवलं. चमकदार शिंपल्याचा तुकडा त्याने मेणात दाबला, तर मेणाच्या ठशातही तेच रंग खेळताना दिसले! शिंपल्यातला कुठलाही पदार्थ मेणात उतरलेला नव्हता, उतरली होती ती पृष्ठभागावरच्या बारीक रेषांची नक्षी. म्हणजे निदान ते रंग तरी घडणीतून येत होते. सगळे रंग मात्र असे ठशात उतरत नाहीत; काही थरांच्या आतून येतात आणि शिंपल्यातच राहतात, हेही ब्रूस्टरने ओळखलं होतं. पुढे सी. व्ही. रामन यांनाही शिंपल्यांनी असंच झपाटलं. 1921 मध्ये युरोपहून बोटीने परतताना समुद्र निळा का, या प्रश्नाने त्यांना पछाडलं होतं हे अनेकांना माहीत असतं. 1930 च्या दशकात त्यांनी रंग उधळणाऱ्या शिंपल्यांवर शोधनिबंध लिहिले आणि नंतर मोत्यांच्या प्रकाशीय गुणांवरही काम केलं, हे त्या मानाने कमी सांगितलं जातं.

पण थरांमधला हा खेळ तर प्रत्येक चांगल्या मोत्यात असतो, पांढऱ्यातही. मग एखादाच निळा का?

याचं उत्तर संवर्धनाच्या शस्त्रक्रियेत आहे. अकोयाच्या शिंपल्यात कारागीर दोन वस्तू घालतो: गोड्या पाण्यातल्या जाड शिंपल्यापासून कातलेला गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावाराचा एक चिमुकला तुकडा. या मण्यांसाठी अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले शिंपले फार काळ वापरले गेले, कारण त्यांचं कवच जाड आणि पांढरंशुभ्र. प्रावाराचा तुकडा वाढत जाऊन मण्याभोवती पिशवी तयार करतो आणि त्या पिशवीच्या पेशी मण्यावर मोतिया थर चढवत राहतात. सगळं सुरळीत झालं तर पांढऱ्या मण्यावर दुधी थर चढतो. हे म्हणजे पेल्यामागे पांढरं कापड.

सगळं सुरळीत नाही झालं तर? जखम भरताना पेशी बावचळतात म्हणा ना. मोतिया थर सुरू करण्याआधी त्या तपकिरी-काळपट सेंद्रिय द्रव्य जास्त सोडतात, किंवा शिंपल्याच्या अंगातली अंडी आणि ऊतकांचे अवशेष मण्याला चिकटून राहतात. त्यावर मग थर चढतो आणि ते किटण आतच कायमचं बंद होतं. पांढरा मणी, त्यावर गडद पापुद्रा, त्यावर अर्धपारदर्शक दुधी थर. पेल्यामागे काळं कापड आलं आणि मोती निळा झाला.

मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत आवडते. शिंपले वाढवणाऱ्याच्या लेखी हा बिघाड आहे. असं होऊ नये म्हणून तो शस्त्रक्रियेआधी शिंपल्यांना अशा परिस्थितीत ठेवतो की त्यांच्या पोटातली अंडी निघून जावीत, जीव जरा मंदावावा, मण्याभोवती घाण राहू नये. तरीही काही शिंपल्यांत ती राहतेच. एकेकाळी डागी माल म्हणून हे मोती बाजूला काढले जात. त्यांचा आकार बरेचदा वेडावाकडा, कारण आतला पापुद्रा सगळीकडे सारखा नसतो. पण त्यातले काही बऱ्यापैकी गोल, स्वच्छ आणि पाणीदार निघतात आणि त्यांचा रंग पावसाळी ढगाच्या कडेसारखा असतो.

इथे एक गंमतही सांगायला हवी. ज्या पांढऱ्या अकोया मोत्यांना आपण ‘शुद्ध’ समजतो, त्यांच्यावर ब्लीचिंग ही नेहमीची प्रक्रिया असते आणि कित्येकांना गुलाबी छटाही दिलेली असते. हा करडा-निळा मात्र पुष्कळदा नुसता धुऊन-पुसून, निघाला तसाच पुढे जातो. डागाळलेल्यालाच कमी हात लागतात.

सगळे निळे मोती याच वाटेने येतात असं मात्र नाही. ताहितीचे म्हणून ओळखले जाणारे मोती काळ्या ओठांच्या, म्हणजे कवचाची आतली कड काळी असणाऱ्या, शिंपल्यात होतात (त्यांची शेती मुख्यतः ताहिती बेटावर नव्हे, फ्रेंच पॉलिनेशियातल्याच तुआमोतू आणि गांबिए बेटसमूहांत होते). त्यांच्यात अंधार तळाशी एकाच पापुद्र्यात नसतो. गडद रंगद्रव्य मोतिया थरातच भिनलेलं असतं. त्यावर थरांचा प्रकाशखेळ चढतो, म्हणून अंगचा रंग राखाडी किंवा काळा आणि वर हिरवी, जांभळी, कधी निळी झाक. हिरवी झाक बरीच आढळते, स्वच्छ निळी कमी. मेक्सिकोच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला इंद्रधनुषी ओठांचा शिंपला याहून निराळा. तिथल्या मोत्यांची ख्याती स्पॅनिश काळापासूनची, पुढे उपशाने शिंपले रोडावले, आणि 1990 च्या दशकात ग्वायमास इथे पुन्हा छोट्या प्रमाणावर शेती सुरू झाली. या मोत्यांवर अंधारात अतिनील दिवा धरला तर ते तांबूस-गुलाबी चमकतात. थरात असलेल्या पॉर्फिरिन गटातल्या रंगद्रव्यांमुळे हे घडतं, आणि ओळख पटवायला याचा फार उपयोग होतो.

आणि मग ॲबलोनी. हा शिंपला नव्हेच, एका चपट्या कवचाची समुद्री गोगलगाय आहे. न्यूझीलंडमध्ये तिच्या एका जातीला पावा म्हणतात. कवच आतून निळं, हिरवं, मधेच गुलाबी. मोतीही तशाच रंगांचा, पण गोल जवळजवळ कधीच नाही. शिंगासारखा, दातासारखा, कधी आतून पोकळ. सगळ्या मोत्यांत सर्वांत गडद, भडक निळाई हिचीच. मात्र ती वाढवणं जिकिरीचं, कारण ॲबलोनीचं रक्त गोठत नाही. तिला जखम झाली की ती रक्तस्रावाने मरू शकते. म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण मोत्याऐवजी कवचाला चिकटलेले अर्धगोल मोतीच वाढवतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बूतां यांनी असे अर्धे मोती वाढवून पाहिले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी.

गोड्या पाण्यातल्या मोत्यांबद्दल एवढंच सांगतो की पांढरा, पीच, नारिंगी, जांभळा हे रंग त्यांच्यात आपोआप येतात. निळा आणि काळा दिसला तर तो रंगवलेला असणार, असं धरून चालावं.

आता नकलांकडे वळू. सोपी नक्कल म्हणजे रंगात बुडवणे. मोत्याच्या थरांमधून, खास करून वेजातून (म्हणजे ओवण्यासाठी पाडलेल्या भोकातून), रंग आत मुरतो. असा मोती ओळखणं फारसं अवघड नसतं. वेजाच्या कडेला आणि पृष्ठभागावरच्या खळग्यांत रंग दाट साचलेला दिसतो, आणि माळेतले सगळे मणी एकाच डबीतून काढल्यासारखे निळे असतात. दुसरी रीत सिल्व्हर नायट्रेटची. चांदीचा हा क्षार थरांत मुरवतात आणि उजेडात किंवा रसायनाने काळा करतात, जुन्या फोटोफिल्मसारखा. प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या चाचणीत ती चांदी पकडली जाते.

तिसरी रीत मात्र दाद द्यावी अशी आहे. मोत्यांवर गॅमा किरण सोडतात. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत मँगनीज बऱ्यापैकी असतं, समुद्री शिंपल्यांत ते फारच कमी. गॅमा किरणांनी मँगनीजचं रूप बदलतं आणि पदार्थ गडद होतो. अकोया मोत्यावर हा प्रयोग केला की काय होईल? वरचा मोतिया थर समुद्री, तो जवळजवळ होता तसाच राहतो. आतला मणी गोड्या पाण्याचा, तो काळवंडतो. दुधी थर आणि त्यामागे अंधार! शिंपल्याकडून चुकून झालं ते माणसाने किरणांनी घडवून आणलं, आणि भौतिकशास्त्र दोन्हीकडे तेच. म्हणूनच नुसतं वरून बघून हे दोन मोती वेगळे सांगणं कठीण.

पण वेज चुगली करतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, मोती चांगल्या उजेडात धरा आणि वेजाच्या तोंडातून आत बघा. तिथे मोत्याचा छेदच उघडा असतो, विहिरीच्या काठावरून मातीचे थर दिसावेत तसा. काठाला पातळ, काचेसारखा मोतिया थर दिसेल. अकोयात तो मिलिमीटरहून कमीच असतो. त्याखाली मणी. किरणांचा मोती असेल तर मणी राखाडी ते काळपट दिसेल. जन्मतः निळा अकोया असेल तर मणी फिकट पांढरा, आणि मणी व थर यांच्या सांध्यात तपकिरी-काळी बारीक रेघ. पेन्सिलीने ओढल्यासारखी, कुठे जाड, कुठे अगदी पुसट. तीच रेघ म्हणजे आपलं काळं कापड. अर्थात वेज न पाडलेल्या मोत्यात ही खिडकी नसते आणि मोल मोठं असेल तर भिंगावर विसंबू नये. चांगल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळा मोत्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट काढतात. काळ्या ओठांच्या शिंपल्याचा मोती 700 नॅनोमीटरच्या (म्हणजे 0.7 मायक्रॉनच्या) आसपासचा प्रकाश शोषतो, ही त्याची सहीच समजतात. दातावर घासून बघायची जुनी चाचणी इथे काहीच कामाची नाही. मोती काचेचा किंवा प्लॅस्टिकचा नाही एवढंच ती सांगते. रंगाबद्दल ती मुकी आहे. रंगवलेला मोतीही दाताला तितकाच खरखरीत लागतो.

प्रक्रिया केलेला मोती घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. सांगून, त्याच्या मोलाने विकला तर तो छान दागिना आहे. न सांगता विकला तर ती फसवणूक, एवढा सरळ हिशेब.

राहिलं ते बघणं. निळा मोती बघायची घाई करू नये. अस्सल निळाई बहुतेक वेळा गप्प असते: पोलादी, रुपेरी, धुरकट. शाईसारखा गडद निळा रंग दिसला तर आधी शंका घ्यावी. दुकानातला पिवळा, टोकदार दिवा या रंगाचा घात करतो, कारण त्या उजेडात मुळात निळा भागच कमी असतो. दिवसाचा, खिडकीतून येणारा, थेट उन्हाचा नव्हे असा उजेड सर्वांत बरा. खाली पांढरा किंवा राखाडी कागद ठेवा आणि मोती बोटाने हळू फिरवा. मग तीन गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात. अंगचा रंग तसाच राहतो. त्यावरची झाक, गुलाबी किंवा हिरवट, मोत्याबरोबर न फिरता उजेडाच्या बाजूला टिकून राहते. आणि मोत्याचं पाणी म्हणतो ते: खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब त्यात किती रेखीव दिसतं त्यावरून ते जोखावं. गज मोजता आले तर मोती पाणीदार. नुसता पांढरा धब्बा दिसला तर थर पातळ किंवा रचना ढिली.

फिरवताना बहुधा असंही दिसेल की मोती सगळीकडे सारखा निळा नाही. एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला रुपेरी, मधेच एखादा मलईच्या रंगाचा पट्टा. आतला पापुद्रा तिथे विरळ आहे किंवा नाहीच. याच कारणाने अशा मोत्यांची एकसारखी माळ जुळवणं हे महाकष्टाचं काम होतं. एक मोती जुळला तर शेजारचा किंचित हिरवा, त्याच्या शेजारचा किंचित करडा. जुळवणारे ढिगातून तासन्‌तास निवडत बसतात आणि तरीही शेवटी माळेत थोडा उतार-चढाव राहतोच. मला तो उतार-चढाव दोष वाटत नाही. उलट सगळे मणी अगदी एकसारखे असले की मी आधी वेजात डोकावतो.

असा एखादा वाया गेलेला निळा मोती मधोमध कापला आणि त्याच्या कडेचा मोतिया थर सुरीच्या टोकाने अलगद सोलून काढला, तर हाती एक पातळ कपची येते. ती पांढऱ्या कागदावर ठेवली की चमक तीच राहते, वरच्या थरांचे इंद्रधनुषी रंगही तेच, पण निळाई नाहीशी झालेली असते. कपची उचलून काळ्या कागदावर ठेवली की ती परत येते.